हाळीला हाळी

भात पिकायला लागलं की माझा वर्ग रोडावतो. मुरबाडच्या शाळेत येऊन मला सहा वर्षं झाली, पण यात कधी फरक पडला नाही. भाद्रपद सरत आला की खिडकीतून दुधावर आलेल्या लोंब्यांचा ओलसर गोड वास आत येतो आणि हजेरी घेताना एकेक नाव निरुत्तर राहायला लागतं. "राखणीला गेलाय, बाई," असं शेजारचा कुणीतरी सांगतो. मी त्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब काढते. शाईने गैरहजेरी लावायला माझा हात धजत नाही. मुख्याध्यापकांना हे टिंबांचं प्रकरण माहीत आहे आणि माहीत नसल्यासारखं कसं वागायचं हेही त्यांना माहीत आहे, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

आज दुपारी फळ्यावर लिहीत होते. कौलं तापून वर्गाची भट्टी झालेली. तेवढ्यात लांबून, नदीकडच्या शेतातून, एक लांबलचक हाळी आली. शब्द कळले नाहीत. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसऱ्या टोकाकडून तिला उत्तर आलं आणि मला हायसं वाटलं. खडू तसाच हातात धरून मी त्या उत्तराची वाट पाहत उभी होते, हे मुलांच्या हसण्यावरून माझ्या लक्षात आलं. हाळी ऐकली की तिचं उत्तर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. ही खोड मला शहापूरला लागली, आणि ती लावणारी मुलगी त्याआधी चार महिने माझ्या वर्गात एक अक्षर बोलली नव्हती.

तेव्हा अजून मुंबई राज्य होतं. मी कल्याणची. बी.ए., बी.टी. होऊन तेविसाव्या वर्षी शहापूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला गेले, तेव्हा आपण तिथे ज्ञानाचा दिवा लावायला चाललो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. काय दिवे लावले ते पुढे येईलच. शाळा गावाच्या कडेला होती. मागे मैदान, मैदानापलीकडे गाडीवाट, आणि तिथून सरळ डोंगराच्या पायथ्यापर्यंत भातशेती. आभाळ मोकळं असलं की वर्गातून माहुलीचे सुळके दिसायचे. पावसाळ्यात ते महिना-महिना दिसायचे नाहीत, आणि मला वाटायचं की माझे विद्यार्थीही तसेच आहेत, आहेत पण दिसत नाहीत.

त्या वेळी इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. तेरा-चौदा वर्षांची मुलं, कुणाला मिसरूड फुटू लागलेली, घरची निम्मी कामं अंगावर घेतलेली. त्यांच्यासमोर मी पुस्तक उंच धरायची आणि विचारायची, "व्हॉट इज धिस?" ट्रेनिंग कॉलेजात असंच शिकवलं होतं. मराठी शब्द काढायचा नाही, वस्तू दाखवायची, प्रश्न विचारायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचं. मी थांबायची. वर्ग माझ्याहून जास्त थांबायचा. बाजारपेठेतली आणि कचेरीतल्या कारकुनांची चार-पाच मुलं होती, ती पोपटासारखी बोलायची. बाकीची गावाकडची, पाड्यांवरची मुलं खाली बघत बसायची. मी त्यांना "बुजरी" असं नाव देऊन टाकलं होतं. एकदा नाव दिलं की माणूस पुढचा विचार करत नाही, हा त्यातला मोठा सोयीचा भाग.

मुली तिघीच होत्या. दोघी गावातल्या, आणि तिसरी चांगुणा. ती डोंगराच्या अंगच्या पाड्यावरून रोज तीन मैल चालत यायची. तिच्या पाड्यावरून हायस्कुलात आलेली ती पहिलीच मुलगी. पावसात डोक्यावर पानांचं इरलं, त्याखाली दप्तर कोरडं आणि ती स्वतः ओलीचिंब. वहीतलं अक्षर ठसठशीत, बी पेरल्यासारखं एका ओळीत. पण उभं केलं की तोंडाला कुलूप. मी पुस्तक दाखवलं, छत्री दाखवली, स्वतःचं नाक दाखवलं. ती माझ्याकडे अशी बघायची की मलाच माझ्या नाकाची शंका यावी.

माझा आणखी एक नियम होता. उशीर झाला तर दारात उभं राहून "मे आय कम इन?" असं विचारायचं, त्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. ओढ्यांना पाणी आलं की चांगुणाला उशीर व्हायचाच. ती यायची, इरलं ओसरीच्या भिंतीला टेकवायची आणि दारात उभी राहायची. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. ती काही विचारायची नाही आणि मी काही बोलवायची नाही. शेवटी एखादी मैत्रीण तिच्या वतीने विचारायची आणि मी नाइलाजाने मान हलवायची.

श्रावणातल्या एका सकाळी मी त्या मैत्रिणीलाही गप्प बसवलं. म्हटलं, आज हिला बोलू दे. तो अख्खा तास चांगुणा दारात उभी होती. परकराच्या काठातून पाणी ठिबकून उंबऱ्याशी ओल पसरत होती. मी धडा शिकवत होते आणि अधूनमधून त्या ओलीकडे बघत होते. घंटा झाली. बाहेर पडताना मी तिला म्हटलं, "चार शब्दांनी जीभ झिजते का गं?" ती अंग चोरून बाजूला झाली आणि मला वाट दिली. मला वाटलं, ही एक तर अडेलतट्टू आहे, नाहीतर मंद. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते असंच.

आश्विनात ती यायची बंद झाली. आधी मला वाटलं राखणीला गेली असेल, जातातच सगळी. हळवं भात, म्हणजे लवकर पिकणारं, तेव्हा तयार होत असतं, आणि पाखरांचे थवे उतरतात. घरातल्या मोठ्यांचे हात कामात, म्हणून दिवसभर माळ्यावर बसून पाखरं हाकायची जबाबदारी मुलांची. पण तिच्या मैत्रिणीने सांगितलं, "बाई, ती राखण संपली तरी येणार नाही. म्हणते, शाळा मला नाय जमत." शाळा तिला जमत होती. वही सांगत होती. जमत नव्हते ती मी. आणि चौदा वर्षांची मुलगी घरी बसली की पुढे काय होतं, हे सांगायला बी.टी. व्हावं लागत नाही. शिवाय ती सुटली असती, तर तिच्या पाड्यावरून तिच्या मागे दुसरी कुणी आली नसती.

रविवारी सकाळी मी काळी छत्री घेऊन निघाले. तीन मैल काय ते पायांना तेव्हा कळलं. बांधावरून दोनदा घसरले, एकदा चप्पल चिखलात रुतून बसली. दोन्हीकडे पिवळं पडायला लागलेलं भात कमरेएवढं उभं, आणि त्या पसाऱ्यात लांब लांब अंतरावर चार खांबांवर उभारलेले पाच-सहा माळे. पत्र्याचे डबे वाजत होते, मधेच गोफण सुटल्याचा फटकारा. मग पहिल्या माळ्यावरून आवाज उठला, "छत्रीवाली बाय येते गोऽऽ!" दुसऱ्या माळ्याने तो झेलला आणि पुढे दिला, तिसऱ्याने चौथ्याला दिला. मी चिखलातून चप्पल उपटत होते तोवर माझी बातमी डोंगराला लागली होती.

शेवटच्या माळ्यावरून उलट प्रश्न आला. असे खणखणीत, मोकळे, आभाळ भरून टाकणारे आवाज मी फार थोडे ऐकले आहेत. "कुणाकडं जायाचं बाऽऽय?"

मी होता नव्हता तेवढा दम एकवटून ओरडले, "चांगुणाकडेऽऽ!"

मग तोच आवाज, पण उतरलेला. "मीच हाय ती."

चार महिने ही मुलगी माझ्यासमोर बसत होती आणि मला तिचा आवाज ओळखता आला नाही, कारण मी तो ऐकलाच नव्हता. मी बांधावर उभी होते आणि डोळ्यांत पाणी आलं. उन्हामुळे आलं असं म्हणायला जागा होती, म्हणून मी छत्री जरा पुढे ओढली.

माळ्यापाशी गेले तर ती खाली उतरून उभी होती, पुन्हा पहिल्यासारखी, नजर पायाच्या अंगठ्यावर. तिचे वडील, बुधाजी, बांधावरचं गवत कापत होते. त्यांनी विळा कमरेला खोवला, काकडी तोडून आणली, मीठ लावून माझ्या हातात दिली. कशाला आलात असं विचारलं नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "मी काय बांधून घातली नाय तिला. जाते म्हणली तवा धाडली. आता नाय म्हणते. पोर गरवी हाय, बाय. गरवं भात हळव्याच्या वक्ताला कापलं त् हाती काय येल? पळींज." गरवं म्हणजे उशिरा पिकणारं, आणि पळींज म्हणजे दाणा न भरलेलं नुसतं फोल. एवढं इंग्रजी शिक्षणशास्त्र शिकून आलेल्या मला त्यांनी एका वाक्यात जागेवर आणलं.

मी चांगुणाकडे वळले. "शाळेत का येत नाहीस, चांगुणा?" ती गप्प. "माझा राग आला का?" ती गप्प. बुधाजी हसले. "असं तोंडासमोर नाय बोलायची ती. तुमी त्या पल्याडल्या बांधावर जा नि हाळी द्या. हाळीला हाळी द्यायलाच लागते आमच्यात."

"आणि नाही दिली तर?"

"नाय कशी देल? उत्तर नाय आलं त् माणसं काठ्या घेऊन धावत येतील. म्हणतील जनावर आलं, नायतर पान लागलं." पान म्हणजे साप.

माझ्या वर्गात पाऊणपाऊण तास प्रश्न निरुत्तर पडून राहायचे आणि कुणीही धावत यायचं नाही, मी सुद्धा. हा विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी मी फक्त छत्री मिटली, पदर खोचला आणि शेताला वळसा घालून पलीकडच्या बांधावर गेले. चांगुणा माळ्यावर चढली. आमच्या दोघींमध्ये एवढं मोठं पिकतं भात होतं. मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "चांगुणाऽऽ! वर्गात का बोलत नाहीऽऽस?"

"तुमी थट्टा करता, बाऽऽई!"

"कसली थट्टाऽऽ?"

"हातात पुस्तक धरता नि इचारता ह्ये काय हाय! तुमाला ठाव नाय काऽऽ?"

मी थक्क झाले. वाऱ्याने भात एका अंगाला कललं. तिच्या दृष्टीने बघायला गेलं, तर एक शहाणीसुरती बाई हातात पुस्तक धरून, धडधडीत दिसत असताना, हे काय आहे असं विचारते. तिच्या पाड्यावर माणूस विचारतो ते त्याला माहीत नसतं म्हणून. पाखरं कुठे उतरली, गुरं कुठे गेली, कोण आजारी आहे. माहीत असलेलं विचारणारा एकतर खुळा, नाहीतर समोरच्याची फिरकी घेणारा. चांगुणाने मला खुळी ठरवलं नव्हतं, हा तिचा मोठेपणा.

मी पुन्हा विचारलं. "मग दारात उभी राहून विचारायला काय होतं गंऽऽ?"

"तुमी बघत होता की मना! दारात आलेल्या माणसाला घरातला म्हणतो, ये गो, बस. आपुन होऊन आत येऊ का असं आमच्यात कोण नाय म्हणत!"

म्हणजे त्या श्रावणातल्या सकाळी ती माझ्या "ये"ची वाट बघत होती आणि मी तिच्या "मे आय कम इन"ची. दोघीही आपापल्या घरच्या रीतीने वागत होतो. फक्त ओली ती होती.

"माझं चुकलंऽऽ!" मी ओरडले. मला वाटलं ते आमच्या दोघींतच राहील. पण मधल्या माळ्यावर जो कोणी होता त्याने इमानेइतबारे ते पुढे धाडलं, "बाय म्हणते चुकलंऽऽ!" आणि पुढच्याने आणखी पुढे. माझी चूक माळ्यामाळ्यावरून डोंगरापर्यंत जाऊन आली. कुणी हसलं नाही. निरोप होता, तो पोचवायचा, त्यात हसायचं काय?

मग माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. मला खरोखरच माहीत नव्हतं असं काय विचारावं याचा मी विचार केला आणि हाक दिली, "चांगुणाऽऽ! हाऊ मेनी पॅरट्सऽऽ?"

उत्तर आलं, "नो पॅरट! यू शाऽऽउट!"

खरंच होतं. माझ्या आरड्याओरड्याने शेतात एक राघू उरला नव्हता. मी बांधावर मटकन बसून हसले. चार महिने जिच्यात काही जात नाही असं मला वाटत होतं, तिच्यात सगळं गेलं होतं आणि नीट रचून ठेवलेलं होतं. मधल्या माळ्याने तेही पुढे पाठवलं, "नो पॅरट यू शाऊट!" ज्यांनी जन्मात इंग्रजी ऐकलं नव्हतं त्यांनी ते एक अक्षर न सांडता डोंगरापर्यंत नेलं.

निघताना मी विचारलं, "येशील ना?" हे मात्र पुन्हा तोंडासमोर विचारलं, म्हणून उत्तर आलं नाही. बुधाजी म्हणाले, "भात निघू द्या. मंग ती आणि तिचं मन."

पुढचे दिवस मी शाळेत होते आणि नव्हते. उरलेला वर्ग मी मैदानावर नेला. अर्धी मुलं या टोकाला, अर्धी त्या टोकाला. नियम एकच, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तो प्रश्न विचारायचा नाही. एकाच्या म्हशीला रेडकू झालं होतं, ते काळं की पांढऱ्या ठिपक्याचं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या रेडकाने माझ्या वर्गाला जेवढं इंग्रजी बोलायला लावलं तेवढं माझ्या पुस्तकाने लावलं नव्हतं. वाक्यं मोडकी होती, क्रियापदं कुठल्या कुठे, पण पन्नास हातांवरून ओरडताना मुलाला आपली चूक ऐकायला सवडच नसते. पलीकडच्याला कळलं पाहिजे, एवढीच घाई. मुख्याध्यापक ओसरीवर येऊन म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की राखण?" मी म्हटलं, "सर, दोन्ही."

इथे मुरबाडलाही मी तेच करते. वर्षागणिक मला कळत गेलं की माझ्या मुलांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत बैलाचे दात का बघतात, भातानंतर त्याच ओलीवर वाल कसा टाकतात, हे सगळं मी इंग्रजीत शिकले, आणि तेही त्यांच्याकडून. तपासणीला आलेले एक साहेब मला म्हणाले, तुमच्या मुलांचं व्याकरण कच्चं आहे पण ती साहेबालाही प्रश्न विचारतात. त्यांनी ती तक्रार म्हणून सांगितली की कौतुक म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

पण शहापूरची ती दिवाळी सांगायची राहिली. कापणी झाली, शेतं उघडी पडली, खाचरांत नुसती धसकटं राहिली. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा हवेत गारवा होता आणि मैदानापलीकडे खळ्यांवर भात झोडल्याचे आवाज येत होते. पहिला दिवस गेला, चांगुणाची जागा रिकामी. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी हजेरीत तिचं नाव घेताना पुढच्या नावाची घाई केली. चौथा दिवस, पाचवा. मी ठरवलं होतं की पुन्हा आणायला जायचं नाही. आणलेली मुलगी आणि आलेली मुलगी यांत फरक असतो. ठरवणं सोपं होतं, रोज सकाळी त्या गाडीवाटेकडे न बघणं अवघड होतं.

सहाव्या दिवशी मुख्याध्यापक हजेरीपट घेऊन वर्गात आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते पाड्यावरच्या मुलीचं नाव. कमी करायचं ना?" त्यांच्या हातात शाईचं पेन होतं. मी म्हटलं, "आजचा दिवस थांबा." ते म्हणाले, "हे तुम्ही परवाही म्हणालात."

तेवढ्यात हाळी आली.

गाडीवाटेच्याही पलीकडून, उघड्या खाचरांवरून, तोच आभाळ भरणारा आवाज. शब्द वाऱ्यावर ताणले गेले होते, पण एकूण एक ऐकू आले. "बाऽऽई! मे आय कम इऽऽन?"

सगळा वर्ग उठून उभा राहिला. मी खिडकीशी धावले. दूर बांधावर परकर-पोलक्यातला एक ठिपका थांबला होता. पुढे येत नव्हता. तिथून मी तिला दिसत नव्हते, म्हणून तिथून विचारायला हरकत नव्हती. आणि हाळीला हाळी द्यायलाच लागते. शेजारी मुख्याध्यापक उभे होते, समोर अख्खा वर्ग होता, मी गजांना धरलं आणि गळा फाटेस्तोवर ओरडले, "येऽऽस! कम इऽऽन!"

ठिपका चालायला लागला. तिला पोचायला दहा मिनिटं तरी लागली असतील. मुख्याध्यापकांनी हजेरीपट मिटला आणि पेन खिशाला लावलं, पण ते गेले नाहीत. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. ओसरीवर तिची पावलं वाजली. केसांत पेंढ्याची काडी अडकलेली, पाय धुळीने पांढरे, दप्तर छातीशी धरलेलं.

"ये गो, बस," मी म्हटलं. पण मी ते म्हणेपर्यंत तिचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं होतं.